ओटीवरची ओल

कापणी सुरू झाली की आमच्या गावात सगळ्यांना नव्या भाताचा वास येतो. मला त्याच्या जोडीनं फडक्यांचा वास येतो. जुन्या साड्यांची, कोमट पाण्यात धुऊन पेंढ्याच्या उडवीवर वाळत टाकलेली फडकी. ऊन चढलं की त्यांना पेंढ्याचा वास लागायचा आणि नाक अगदी जवळ नेलं तर त्याखाली मांजराच्या मुताचा. हा शब्द लेखात नको असं ज्यांना वाटतं त्यांनी इथंच थांबावं, कारण पुढं सगळं त्याचंच आहे.

काल संध्याकाळी खोपोलीहून येताना चौकला हायवे सोडला, आतल्या रस्त्याला लागले आणि दोन्ही बाजूंना कापलेली शेतं दिसली. कापलेल्या भाताचे चुडे ओळीनं आडवे पडलेले. बांधावर कुणीतरी विळे धुवत होतं. हवेत कोंड्याची बारीक धूळ होती, ती घशात खवखवते आणि तरीही हवीशी वाटते. मी गाडीचा वेग कमी केला. दोन वर्षांपूर्वीची कापणी अशीच हळूहळू समोर येते, एकदम नाही.

त्या वर्षी परतीच्या पावसानं फार छळलं. दसरा झाला, तरी दुपार कलली की माथेरानच्या बाजूनं ढग येऊन उभे राहायचे. माझा दीर दत्ता शेती बघतो. त्यानं पाऊस आणि कापणी यांच्यात अक्षरशः शिवाशिवी खेळून भात घरात आणलं. झोडायला खळं कोरडं नव्हतं, म्हणून जेवढं हातानं झोडता आलं तेवढं झोडून ते ओलसर भात ओटीवर ताडपत्रीवर पसरलं, आणि उरलेले भारे पडवीत रचले. बियाण्याचं भात वेगळं काढून कोपऱ्यात ठेवलं. दिवसरात्र पंखा चालू. आम्ही माणसं भिंतीला धरून चालायचो. जेवायचो चुलीपाशी.

ओलं भात ढिगात राहिलं की आतून तापतं. हात घातला तर कुणाच्या तरी कुशीत हात घातल्यासारखं ऊबदार लागतं. हे आम्हाला संकट वाटत होतं. पेंढीला ते स्वर्ग वाटलं.

पेंढी म्हणजे आमची मांजर. उडवीत जन्मली आणि सुक्या पेंढ्याच्या रंगाची, म्हणून ते नाव. ती उमेदीत होती तेव्हा घरात भाताची कणगी होती, आणि कणगीच्या बुडाशी तिची नोकरी. उंदीर धरून आणायची, सासूबाईंच्या पायाशी ठेवायची आणि त्या "बरं बाय" म्हणेपर्यंत तिथून हलायची नाही. आता भात खळ्यावरूनच टेंपोत चढतं, घरापुरतं पत्र्याच्या पिंपात राहतं. कणगी गेली, उंदीर कमी झाले, पेंढीचे दात पडले. मागचे पाय उचलताना ती जरा थांबून विचार करायला लागली होती.

घरात आम्ही तिघं. सासूबाई, दत्ता आणि मी. माझे यजमान नोकरीनिमित्त पुण्याला असतात आणि रविवारपुरते येतात, त्यामुळे या गोष्टीत ते फारसे नाहीत. मी खोपोलीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. आलेला माल मोजायचा, तपासायचा, बरोबर असेल तर आत घ्यायचा. इतकी वर्षं हेच केल्यानं घरीसुद्धा डोळ्यांना मोजल्याशिवाय चैन पडत नाही. सासूबाई म्हणतात, "ही देवाला निवेद दावताना पन मोदक मोजते."

तर, एका सकाळी दत्तानं हाक मारली. "वयनी, कौल सरकलंय. बघा, भात भिजलाय."

ताटाएवढा ओला डाग होता. दत्ता छपरावर चढला, दोन कौलं बदलली, उतरला. दुसऱ्या सकाळी त्याच्याच बाजूला दुसरा डाग. तो पुन्हा चढला, या वेळी अख्खी ओळ उचलून बसवली. मी खाली स्टीलचं परातीएवढं ताट ठेवलं, म्हणजे गळती कुठं आणि किती ते कळेल. सकाळी ताट कोरडं ठणठणीत आणि त्याच्या शेजारचं भात ओलं. आभाळ माझं ताट चुकवून गळतंय, हे काही मला पटेना. दत्ता मात्र शिडी लावायला निघाला.

सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "दत्ता, दोन दिस पानी नाय पडलं. गळंल कुठून रं? तुज्या डोक्यातून?"

दत्ता शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थांबला. उतरला. वाकून भात हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि तसाच उभा राहिला. ढिगाच्या वरच्या अंगाला, स्वतःच्या अंगाच्या मापाचा खळगा करून पेंढी झोपली होती. शांत. शेपटीखालचं भात काळपट ओलं होतं, आणि आम्ही बघत असतानाच ती ओल जरा पसरली. तिला झोपेत पत्ताही नव्हता.

वर्षानुवर्षं कौलांखाली राहणाऱ्या माणसांना ओल दिसली की मान वरच जाते. खाली बघायचं सुचायला आम्हाला तीन सकाळी लागल्या.

मग आठवायला लागलं. सासूबाईंच्या गोधडीचं एक टोक मधूनच ओलं असायचं, त्या म्हणायच्या तांब्या कलंडला असेल. दाराशी एक चिकट डाग असायचा. आम्ही प्रत्येक ओलीला एकेक कारण देऊन टाकलं होतं.

दत्ताचा राग बियाण्याच्या भातापाशी पोचल्यावर उसळला. एक कोपरा तिथलाही भिजला होता. "पुडच्या वरसाचं बियानं हाय ते, वयनी. आन वास बघा घराला. आदीच शेतकऱ्याला कोन पोरगी देत नाय, त्यात हा वास. उद्या पावनं आलं तर काय सांगू, अत्तर हाय म्हनून?"

तो हसण्यावारी नेत होता, पण गंमत करत नव्हता. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, म्हणून आमच्याकडं कोणी मांजर मारत नाही. पोत्यात घालतात आणि परत येणार नाही इतक्या लांब सोडतात. तेच तो म्हणाला. "मारतो थोडाच हाय? बदली करतो. शिळफाट्याला मासळीबाजार हाय, म्हातारीची चैन व्हईल."

"दात किती उरलेत तिला, ठाऊक आहे?"

"तुमी मोजलं असतील."

मोजले होते. सांगितले नाहीत. तिथली कुत्री मी पाहिली आहेत. मासळीच्या टोपल्यांमागं तरणी मांजरं कशी एकमेकांच्या अंगावर धावतात तेही पाहिलं आहे. मागचा पाय विचार करून उचलणाऱ्या मांजराचं तिथं एका दुपारीत काय होईल, हे वेगळं सांगायला नको होतं. दत्तालाही नको होतं. म्हणूनच तो माझ्याकडं न बघता बोलत होता.

मी आमच्या स्टोअरचा नियम सांगितला. तपासल्याशिवाय कुठलीच वस्तू भंगारात जात नाही. "झोडणी पुरी होईपर्यंत थांब. तोवर मी बघते. नाही जमलं, तर तू म्हणशील तसं."

"झोडनी झाली की पोतं रिकामं व्हईलच," दत्ता म्हणाला.

सासूबाईंनी पेंढीची पाण्याची वाटी उचलली आणि पालथी घातली.

त्यांचा हिशेब सरळ होता आणि मला तो तेव्हा बिनचूक वाटला. आत कमी गेलं तर बाहेर कमी येईल. सकाळी थोडं पाणी, दुपारनंतर बंद. दोन दिवस डाग खरंच लहान झाले. आम्ही एकमेकींकडं समाधानानं बघितलं. तिसऱ्या दिवशी डागांना उग्र वास यायला लागला, मग ते लहान पण जागोजाग व्हायला लागले. पेंढी मोरीपाशी जाऊन नुसती बसायची, उठायची, पुन्हा बसायची. त्या संध्याकाळी मी कामावरून आले तर ती माठाला बाहेरून चाटत होती. मातीतून जो ओलावा झिरपतो ना, तेवढाच. डोळे मिटून, फार सावकाश, माठाच्या पोटावरून जीभ फिरवत होती.

मी पालथी वाटी सुलटी केली आणि भरली. ती इतका वेळ पीत राहिली की सासूबाई शेवटी पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

गुरांच्या दवाखान्यात आम्ही दत्ताच्या टेंपोतून गेलो. त्याला डिझेल भरायला तिकडं जायचंच होतं, असं त्यानं मला दोनदा सांगितलं. एका पाटीत पेंढी, वर दुसरी पाटी उलटी बांधलेली. रांगेत दोन म्हशी, एक शेळी आणि आम्ही. म्हशीवाले काका म्हणाले, "उंदीर धरंना म्हनून आनली का?" दत्ता म्हणाला, "रजेचा अर्ज द्यायला आनली."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पेंढीचं पोट बोटांनी हळू चाचपलं, रक्त घेतलं, शेपटीखालची लाल झालेली कातडी बघितली. मग विचारलं, "पाणी किती पिते?"

मी पाण्याची गोष्ट खरी ती सांगितली. म्हटलं, हिशेब तर बरोबर वाटला.

"टाकीचा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मांजराचा नाही. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, जळजळ वाढते, मग ते थेंबथेंब जागोजाग. पाणी भरपूर द्यायचं. भातात मासे कालवता ना, तेसुद्धा पातळ करून."

दत्तानं मुद्द्याचं विचारलं. "बरी व्हनार का, तेवडं सांगा."

"जळजळ जाईल. औषधाचा कोर्स पूर्ण करा. झोपेतलं गळणं थोडं राहील. वय झालंय. मागच्या पायात दुखणंही आहे, म्हणून मोरीपर्यंत वेळेत पोचत नाही."

त्यांनी बजावलं की फिनाईल तिच्या जागेवर वापरायचं नाही, माणसाची दुखण्याची गोळी तर चुकूनही द्यायची नाही, कातडीला तेल लावायचं नाही, कारण ती चाटते. कोमट पाणी आणि कोरडं फडकं. बस.

परत येताना दत्ता म्हणाला, "म्हंजे येवडं करून गळनारच हाय."

"किती गळते, ते तर बघू."

या वाक्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. गळतं की नाही, एवढंच आम्ही विचारत होतो. स्टोअरमध्ये असा प्रश्न कोणी विचारत नाही. कुठल्याच पोत्यात माल पुरा भरत नाही. काही सांडतं, काही वाळतं. भाताचंच घ्या. खळ्यावर मोजलेलं आणि उन्हातून काढलेलं कधी सारखं भरलंय? आपण त्याला तूट म्हणतो, आधीच धरून चालतो, आणि तूट आली म्हणून शेतावर रागावत नाही. घरातल्या जिवांच्या बाबतीत मात्र आपण तूट धरायची विसरतो. सगळं पुरं भरायला पाहिजे, नाहीतर पोतं बांधा.

मग जे दिवस आले ते मला आज कुठल्याही सणाइतके आठवतात, आणि त्यात घडलं म्हणावं असं काहीच नाही.

पेंढीसाठी ओटीच्या आतल्या कोपऱ्यात जागा केली. खाली खताची जुनी गोणी, तिच्यावर पेंढा, वर फडकं. ओलं झालं की फडकं धुवायला, पेंढा खतात, गोणी पुसून घ्यायची. ही अक्कल गोठ्यातलीच होती. वासराला जे करतो ते मांजराला करायचं नाही, असं कुठं लिहिलं होतं? मोरी लांब पडते म्हणून प्लॅस्टिकच्या क्रेटची पुढची बाजू कापून त्यात भाताचं तूस भरलं. तूस बघून तिनं तोंड फिरवलं. सासूबाई म्हणाल्या, "तिला खळ्याची सवय हाय. खळ्याची माती घाल." दोन मुठी माती मिसळली. पेंढीनं वास घेतला, एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि एखाद्या जुन्या ओळखीच्या घरी जावं तशी आत गेली.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी तिला उन्हात मांडीवर घ्यायचे. शेपटीखालचे केस कात्रीनं बारीक केले होते. कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं, मग कोरडं. पहिल्यांदा तिनं हातावर ओरखडा काढला. नंतर नुसती मान वळवून डोंगराकडं बघायची. अपमान झाला आहे पण आपण तो मनावर घेत नाही, असा चेहरा करून. तिचं अंग किती हलकं झालं होतं! आदल्या वर्षी याच मांडीवर भरलेल्या तांब्याएवढी जड लागायची.

आभाळ निवळलं. खळं सारवलं गेलं, शेणाचा गार वास दोन दिवस अंगणात राहिला. मग झोडणी. लाकडी बाकावर भारे आपटण्याचा धप्, धप् आवाज, मध्येच कुणाचं तरी हसणं, कोंड्यातून तिरपं येणारं ऊन. भाताची रास झाली आणि सासूबाईंनी मापायला बसवलं ते दत्ताला. आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. मोजण्याची इतकी वर्षं नोकरी करूनही सुरुवात करायचा हा शब्द मला कुठल्या कागदावर लिहायला मिळालेला नाही.

आणि उडवीवर फडकी. कामाला आलेल्या बायका विचारायच्या, "घरात बाळंतीन हाय का गं?" सासूबाई म्हणायच्या, "हाय. पन उलटी. लहान व्हत चाललीय." एके दुपारी मी घरी आले तर त्या स्वतःची जुनी गोधडी उसवून तिचे चौकोन करत बसल्या होत्या. साडीची फडकी लवकर भिजतात, गोधडी धरून ठेवते, एवढंच म्हणाल्या. पाण्याच्या वाट्या आता दोन झाल्या होत्या, एक ओटीवर, एक मोरीपाशी. दुसरी कोणी ठेवली, मी विचारलं नाही.

औषध संपेपर्यंत वास गेला. जागोजागचे थेंब थांबले. उरलं ते झोपेतलं, पहाटेचं, तळहाताएवढं.

झोडणी पुरी झाली त्या संध्याकाळी दत्तानं रिकामं पोतं झटकलं, घडी केली, मोटरसायकलच्या हँडलला अडकवलं आणि निघून गेला. मी भांडी घासत होते. हात पुसून ओटीवर आले, तर कोपरा रिकामा. खाटेखाली बघितलं, पडवीत बघितलं, चुलीमागं बघितलं. तूट धरायची म्हणते मी, पण त्या वेळी मी खाटेखाली पुन्हा एकदा वाकून बघितलं. सासूबाई वाल निवडत होत्या. "असंल हितंच," त्या म्हणाल्या, पण त्यांचेही हात थांबले होते.

गाडीचा आवाज आला तेव्हा अंधारायला लागलं होतं. हँडलला पोतं नव्हतं. ते मागं बांधलेलं होतं, टम्म फुगलेलं. दत्तानं ते ओटीच्या कडेला आणून टेकवलं.

"तूस हाय," तो म्हणाला. "गिरनीवाला इचारतो, कोंबड्या पाळल्या काय? म्हनलं, नाय. पेन्शनर पाळलाय."

पेंढी उडवीवर सापडली, वाळत घातलेल्या तिच्याच फडक्यांत, दिवसाची शेवटची ऊब अंगाखाली धरून.

त्यानंतर या विषयावर आमच्याकडं कधी बोलणं झालं नाही. थंडीत शेतात पोपटी लावली, मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून, तेव्हा दत्तानं जाळाजवळची राख निवल्यावर घमेल्यात भरून आणली, तुसात मिसळायला. राखेनं वास मरतो, हे त्याचं त्यालाच सुचलं. पुढच्या पावसाळ्यात फडकी वाळेनात, तेव्हा आम्ही ती चुलीवर दोरी बांधून वाळवली, आणि पूर्ण आषाढ घरातल्या प्रत्येक भाजीला थोडा धुराचा आणि थोडा पेंढीचा वास येतो असं माझ्या यजमानांचं म्हणणं होतं. ते रविवारपुरते असतात. एवढं चालतं.

या वर्षी दत्तानं ओटी नवी करायला काढली. मातीची जमीन जाऊन सिमेंटचा कोबा होणार. काल मी घरी पोचले तेव्हा गवंडी उकिडवा बसून दोरी लावत होता. दत्ता त्याला आतला कोपरा दाखवत होता. पेंढी तिथंच वाळूच्या ढिगावर होती, आता हाडांचा नुसता सांगाडा, पण वाळू निवडून बसली होती ती नेमकी उन्हातली.

"हितनं भाईर ढाळ काढ," दत्ता म्हणाला.

गवंडी म्हणाला, "ओटीला ढाळ? ओटी हाय का मोरी? मानसं निजतील कशी?"

"मानसं नाय, मांजर निजतं. पानी वतलं की भाईर गेलं पायजे. वयनी, किती ठेवायचा?"

"फुटाला पाव इंच," मी म्हणाले. "झोपणाऱ्याला कळत नाही आणि पाणी थांबत नाही."

गवंड्यानं माझ्याकडं बघितलं, दत्ताकडं बघितलं, मांजराकडं बघितलं. "येवड्याशा मांजरापायी लेव्हल मोडायची?"

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या, एक हात चौकटीवर. अलीकडं उठताना त्याही जरा थांबून विचार करतात.

"काढ रं बाबा," त्या म्हणाल्या. "आन जरा रुंद काढ. हिच्यामागं माजाच नंबर हाय."

दत्ताला हसू आलं, मग त्यांना, आणि मी उगाचच पेंढीला वाळूवरून उचलून घेतलं. गवंड्यानं खुंटीची दोरी सोडली आणि दोन हात पुढं नेऊन बांधली.